माळ्यावर सापडलेला कोरोनाचा डबा, टाकू की ठेवू?

उंबरठा_राजापूर (१० ऑगस्ट, रात्री ९:४०)

गणपती तोंडावर आलेत म्हणून काल गावच्या घरी साफसफाईला घेतली. माळ्यावर फरसाणाचा एक जुना पत्र्याचा डबा मिळाला, वर काकांच्या अक्षरात खडूने लिहिलेलं "करोना". आत काय काय होतं ते सांगतो. आयव्हरमेक्टिन १२ (जंतांची गोळी) च्या तीन स्ट्रिप, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची (एचसीक्यू, मलेरियाची गोळी) दीड स्ट्रिप, अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सी ही अँटिबायोटिक, स्टेरॉइडच्या छोट्या गोळ्या (मिथाइलप्रेड लिहिलंय), झिंक, व्हिटॅमिन सी, एक मेलेला ऑक्सिमीटर आणि कुणाच्या तरी चिठ्ठीची झेरॉक्स. चिठ्ठीवर पेशंटचं नाव आमच्या घरातल्या कुणाचंच नाही!! गोठ्याच्या फळीवर गुरांच्या आयव्हरमेक्टिनची एक अर्धी बाटली पण आहे, ती गुरांसाठीच आणलेली का हे विचारल्यावर काका नुसते हसले.

मी म्हटलं टाकून देतो. तर काका म्हणे ठेव रे, परत आला तर लागतील, आणि घेतल्या तर नुकसान काय? मला नीट उत्तर देता येईना. खरंच, नुकसान काय झालं असतं? ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा सांगा, काकांना वाचून दाखवणार आहे. आणि या गोळ्या टाकायच्या कुठे, मागच्या पऱ्यात (ओढ्यात) टाकायला मन होत नाही.

बांगडाफ्राय (१० ऑगस्ट, रात्री १०:०२)

हाहा, हा डबा आमच्याकडे पण होता फक्त बिस्किटांचा. काका एक्सपायरी बघा म्हणावं.

देवगडचो_झील (१० ऑगस्ट, रात्री १०:१५)

आमच्या वाडीत तेव्हा सगळ्यांनी गोळ्यो खाल्ल्यो. व्हाट्सपार चिठ्ठी इली, ती बघून मेडिकलवाल्यान दिल्यान. मी पण खाल्लंय. माका काय झाला नाय, फक्त दोन दिवस पोट बिघाडला. पण आता इचार करतंय, माका कोरोना होतो काय नव्हतो ह्याच माका ठावक नाय.

मेडिकलवाला_चिपळूण (१० ऑगस्ट, रात्री ११:३०)

झील, "मेडिकलवाल्यान दिल्यान" हे वाचून झोप उडाली माझी, म्हणून लिहितो. मी तोच आहे म्हणजे तुमच्या वाडीतला नाही पण तसाच एक.

एप्रिल २०२१. सकाळी आठला शटर वर करायच्या आधी पंधरावीस माणसं उभी. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फोटो. मुंबई-पुण्याकडच्या कुठल्या तरी डॉक्टरने कुठल्या तरी पेशंटला दिलेली चिठ्ठी, ती फिरत फिरत आलेली. आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, अझिथ्रो, एचसीक्यू, स्टेरॉइड, झिंक, सी. लोक त्याला "सेट" म्हणायचे, "चार सेट द्या". एचसीक्यू मार्च २०२० मध्येच शेड्यूल एच-१ च्या नियमात आणलेलं, म्हणजे चिठ्ठी हवी, रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव सगळं लिहायला हवं. सुरवातीला मी भांडलो लोकांशी. मग एक बाई रडायला लागल्या, नवरा घरात तापलाय आणि बेड कुठे नाही, आणि मी दिलं. एकदा दिलं की मग कुणाला नाही म्हणणार.

एक नेहमीचं गिऱ्हाईक, साठीचे, मधुमेहाची गोळी माझ्याकडूनच न्यायचे. तापाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सेटमधलं स्टेरॉइड सुरू केलं. ऑक्सिजन ९७. गरजच नव्हती. आठ दिवसांनी साखर चारशेच्या वर. पुढच्या महिन्यात गाल सुजला, डोळा लाल, काळी बुरशी. डोळा काढावा लागला. मी त्यांच्या घरी अजून जातो पण त्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

त्यांना ती बुरशी फक्त माझ्या गोळ्यांमुळे झाली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. साखर होतीच त्यांना. पण साखर असलेल्या माणसाला गरज नसताना स्टेरॉइड गेलं आणि ते माझ्या काउंटरवरून गेलं.

हापूस_डायरेक्ट (११ ऑगस्ट, सकाळी ७:२०)

मेडिकलवाले तुमच्याबद्दल आदर आहे पण स्टेरॉइडचा दोष आयव्हरमेक्टिनवर का. आमच्या घरात नऊ माणसं, सगळ्यांनी आयव्हरमेक्टिन घेतलं, ७८ वर्षांच्या आजीसकट, एकालाही ॲडमिट करावं लागलं नाही. गोव्यात तर सरकारच सगळ्यांना देणार होतं, ते काय वेडे होते का? स्वस्त गोळी आहे, कंपन्यांना त्यात काही मिळत नाही म्हणून बदनाम केली. याच औषधाला २०१५ चं नोबेल मिळालंय हे पण लिहा की कुणीतरी.

डॉ_खाडीकाठ (११ ऑगस्ट, दुपारी २:१०)

ओपीडी उरकून आत्ता जेवायला बसले तर हा धागा. मी दुसऱ्या लाटेत किनाऱ्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात होते. हापूस, तुमच्या मुद्द्यांपासूनच सुरू करते.

नोबेल खरं आहे. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना मिळालं, ते नदीकाठच्या माशीतून पसरणाऱ्या आंधळेपणाच्या जंतावर आणि हत्तीरोगाच्या जंतावर. खरजेवर पण हे औषध उत्तम, मी स्वतः लिहून देते. औषध चांगलंच आहे. पण विळा चांगला म्हणून कुणी त्याने दाढी करत नाही.

कोरोनाशी त्याचा संबंध आला तो एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगातून. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर औषध ओतलं, विषाणू प्रचंड कमी झाला. पण भांड्यात जेवढं तीव्र औषध घातलं ते माणसाने नेहमीचा डोस घेतल्यावर रक्तात जेवढं पोचतं त्याच्या कित्येक पट होतं. तेवढं पोचवायचं तर गोळ्या इतक्या खाव्या लागतील की विषाणूच्या आधी माणूस आडवा. ही दुसरी ओळ व्हाट्सपवर आलीच नाही.

गोव्याचं म्हणाल तर १० मे २०२१ ला तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना १२ मिलिग्रॅम रोज एक असं पाच दिवस. दुसऱ्या दिवशी गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडच्या आमच्या भागात गोळी संपलेली, आमच्याकडे कुणी काही जाहीर न करता! जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच सांगितलं की चाचण्यांच्या बाहेर हे वापरू नका. मूळ औषध बनवणारी मर्क कंपनी फेब्रुवारीतच म्हणाली होती की कोरोनावर उपयोग होतो असा पुरावा दिसत नाही. स्वतःचा माल विकला जात असताना कंपनी असं बोलते, याचा जरा विचार करा.

"स्वस्त म्हणून बदनाम" याला उत्तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. जुनं, पेटंट नसलेलं, काही रुपयांचं इंजेक्शन. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीने १६ जून २०२० ला निकाल सांगितला आणि काही तासांत तिथल्या दवाखान्यांनी ते सुरू केलं, पुढे सगळ्या जगाने. कुणी दाबलं नाही. उलट विषाणूवरची फॅविपिराविर, जी सुरवातीला १०३ रुपयांना एक गोळी होती आणि पहिल्याच दिवशी १८ गोळ्या खायच्या, ती आपल्याकडे धडाधड खपली आणि तिने जीव वाचतात हे काही दिसलं नाही. म्हणजे स्वस्तमहाग हा मुद्दाच नाही.

आणि मेडिकलवाल्यांच्या गिऱ्हाइकाचं जे झालं ते याच डेक्साच्या चाचणीत आकड्यात आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांत १४ टक्के आणि घेणाऱ्यांत १७.८. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकेल पण फायदा तर नक्कीच नाही. एकच औषध, एकच आजार, फक्त दिवस चुकला. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो, त्याच्याशी लढायला शरीराची प्रतिकारशक्ती हवी असते आणि स्टेरॉइड तिलाच बांधून ठेवतं. नंतर तीच प्रतिकारशक्ती पिसाळून फुप्फुसं खाते तेव्हा बांधणं कामाचं. डब्यावर हे लिहिता येत नाही काका.

माहेरवाशीण (११ ऑगस्ट, दुपारी ३:४५)

मी कधी लिहीत नाही इथे, नुसती वाचते. "नुकसान काय" वाचून राहवलं नाही.

मला ल्युपस आहे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), बारा वर्षं झाली. एचसीक्यू २०० रोज. ती गोळी आहे म्हणून मी भाकऱ्या थापते, जिने चढते. मार्च २०२० मध्ये ट्रम्पनी तिला गेमचेंजर म्हटलं, आपल्याकडे आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवली, आणि दोन आठवड्यांत कणकवली ते कुडाळ एका मेडिकलमध्ये गोळी नाही. लॉकडाऊन, गाड्या बंद. माझ्या नवऱ्याने मोटरसायकलवर अकरा दुकानं पालथी घातली, दोन ठिकाणी पोलिसांनी काठी दाखवली. शेवटी दिराने मुंबईहून आंब्याच्या परतीच्या टेम्पोतून पाठवली. तोवर सव्वा महिना मी अर्धी अर्धी करून खाल्ली. सांधे सुजले, तोंड आलं, केस गेले. आणि आमच्याच वाडीत एका घरात तीन स्ट्रिप कपाटात होत्या हे मला गणपतीत कळलं, न वापरलेल्या!

वर लोक म्हणायचे तू रोज खातेस म्हणजे तुला होणारच नाही. झाला की मला. २०२१ च्या मे मध्ये. तौक्ते वादळाच्या रात्री लाईट नाही, कौलं उडतायत आणि मी तापाने फणफणलेली.

देवगडचो_झील (११ ऑगस्ट, दुपारी ४:००)

ताई 🙏 माका म्हायत नव्हता ह्या.

उंबरठा_राजापूर (११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०)

माहेरवाशीण, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ते गप्प बसले आणि मग म्हणाले दीड स्ट्रिप ती कुणाला पाठवता येईल का बघ. आता एक्सपायर झालीय हे सांगितलं.

गुरांचो_डॉक्टर (११ ऑगस्ट, रात्री ८:१०)

गोठ्यातल्या बाटलीबद्दल लिहितो कारण बाकीचे तिला विसरले. ते गुरांचं इंजेक्शन बहुधा १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. गाईला ५० किलोला १ मिली, कातडीखाली. माणसाच्या गोळ्यांचा हिशोब पण किलोमागे तेवढाच, म्हणून लोकांना वाटतं एकच तर आहे. पण बाटली हातात असली की माणूस "झाकणभर" घेतो आणि झाकणात पाच मिली मावतं, झाले ५० मिलिग्रॅम. शिवाय ते टोचायला बनवलेलं, त्यातले बाकीचे द्रव माणसाच्या पोटासाठी तपासलेले नाहीत. जास्त गेलं तर तोल जातो, गुंगी, बीपी पडतं, झटके येतात. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत तर एक जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या मेंदूत हे औषध शिरतं आणि आम्ही ज्या डोसने दुसऱ्या कुत्र्याचे जंत मारतो तेवढ्यानेच मरणाच्या दारात. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या एफडीएला (औषध नियंत्रण खातं) लोकांना सांगावं लागलं की बाबांनो तुम्ही घोडे नाही, गाई नाही.

मला त्या मे मध्ये चार फोन आले "डॉक्टर गुरांचं आयव्हरमेक्टिन आहे का", चौघांपैकी एकाकडेच गुरं होती. काका कुठल्यातले ते तुम्ही ठरवा :)

हापूस_डायरेक्ट (११ ऑगस्ट, रात्री ९:००)

मी गुरांच्या औषधाची बाजू घेतच नाहीये. पण डॉक्टरबाई, त्या ब्राझीलच्या मोठ्या चाचणीत आयव्हरमेक्टिन घेणाऱ्यांत कमी लोक गंभीर झाले, १०० विरुद्ध १११, हे मी स्वतः वाचलंय. मग "उपयोग नाही" कसं म्हणता? आणि आपल्याच एम्स आयसीएमआरच्या कागदात होती ना ती गोळी?

डॉ_खाडीकाठ (११ ऑगस्ट, रात्री १०:५०)

चांगला प्रश्न, आणि तुम्ही मूळ आकडा वाचलात याचं खरंच कौतुक. दोन्हीकडे ६७९ माणसं. एकीकडे १००, दुसरीकडे १११. आता असं करा, एकच नाणं ६७९ वेळा उडवा, मग परत ६७९ वेळा. छापे दोन्ही वेळा सारखे येणार नाहीत, दहावीस इकडेतिकडे होतीलच, म्हणून दुसऱ्या खेपेचं नाणं वेगळं ठरत नाही. ११ चा फरक त्यातलाच. तेवढ्यावर "काम करतं" म्हणता येत नाही.

तुमच्या घरातल्या नऊ जणांचं पण तेच. औषध न घेतलेल्या बहुतेक घरांतही बहुतेक लोक बरेच झाले. तुमची आजी बरी झाली याचा मला आनंद आहे पण ती गोळीने झाली की आजीनेच झाली हे फक्त तुलनेतून कळतं, आणि तुलना करायला तुमच्याकडे गोळी न घेतलेली दुसरी आजी नाही.

आयसीएमआर-एम्सच्या कागदात एप्रिल २०२१ ला होती, बरोबर. पण तिच्यापुढे लिहिलं होतं की पुराव्याची खात्री कमी. तो शेरा फॉरवर्ड होताना गळला. जूनमध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने आपल्या सूचनांतून काढली, सप्टेंबर २०२१ मध्ये आयसीएमआरनेही. एचसीक्यूचंही तसंच. त्याच रिकव्हरी चाचणीत एचसीक्यू घेतलेल्या १५६१ पैकी ४२१ गेले म्हणजे २७ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३१५५ पैकी ७९० म्हणजे २५ टक्के. ज्या फ्रेंच अभ्यासावरून सगळा गाजावाजा झाला त्यात जेमतेम ३६ रुग्ण, तो डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. आयव्हरमेक्टिनच्या बाजूचा इजिप्तचा मोठा वाटणारा अभ्यासही जुलै २०२१ मध्ये काढून टाकला गेला, आकड्यांतच घोळ. आणि हो, एचसीक्यूच्या विरुद्ध आलेला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख पण मे २०२० ला छापून जून २०२० ला मागे घ्यावा लागला, त्यातला डेटाच तपासता येईना. म्हणजे घाई दोन्ही बाजूंनी झाली, मी फक्त एकाच बाजूला धुवत नाहीये.

डब्यातल्या मिश्रणाचं एक राहिलं. एचसीक्यू आणि अझिथ्रो दोन्ही हृदयाचा ठोका पडल्यावर पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ लांबवतात, ईसीजीत त्याला क्यूटी म्हणतात. दोन्ही एकत्र, त्यात जुलाबाने पोटॅशियम उतरलेलं, त्यात माणूस साठीचा आणि ईसीजी कधी काढलेलाच नाही. बहुतेकांना काही होत नाही. ज्याला होतं तो झोपेत जातो आणि घरचे म्हणतात कोरोनाने गेला. असे किती गेले ते कधीच मोजलं जाणार नाही.

लाल_माती (१२ ऑगस्ट, सकाळी ८:१५)

मग मला सांगा, दरवर्षी लावणीच्या वेळी आमच्या सिंधुदुर्गात आरोग्यवाले लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, चिखलापाण्यातून होणारा ताप) डॉक्सीच्या गोळ्या वाटतात, आशाताई घरी येऊन समोर खायला लावतात. ती पण दुसऱ्याच कामाची अँटिबायोटिक ना? ती चालते आणि ही का नाही? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

डॉ_खाडीकाठ (१२ ऑगस्ट, दुपारी १:३०)

कारण ती कुणीतरी आधी तपासली. पनामाच्या जंगलात ट्रेनिंगला गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर चाचणी झाली, १९८४ मध्ये छापून आली. अर्ध्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, कुणाला काय मिळतंय ते कुणालाच माहीत नाही. खोटी गोळीवाल्यांत २० जणांना लेप्टो, डॉक्सीवाल्यांत एकाला. २० विरुद्ध १, हा १११ विरुद्ध १०० सारखा प्रकार नाही. शिवाय लेप्टो हा जिवाणू आहे आणि डॉक्सी जिवाणूवरचीच, दुसऱ्या घरचं असलं तरी गाव एकच. आणि ती पण गरोदर बाईला, लहान मुलांना देत नाहीत, वर्षभर देत नाहीत, चिखलात उतरायच्या काळातच.

एका गोष्टीच्या औषधाने दुसरी गोष्ट बरी होणं काही नवीन नाही. थॅलिडोमाइड गरोदर बायांना उलट्यांसाठी दिलं आणि हजारो मुलं हातापायाविना जन्मली, तेच औषध पुढे कुष्ठरोगातल्या गाठींच्या त्रासावर कामी आलं. माझा राग वापरण्यावर नाही, न बघता वापरण्यावर आहे. कोरोनात तर माणसं चाचणीत यायला तयार नव्हती, म्हणायची मला खोटी गोळी मिळाली तर? आणि हातात सेट आहेच की. सगळ्यांनीच खाल्ल्यावर कुणाची कुणाशी तुलना करायची.

पडवीत_बसून (१२ ऑगस्ट, दुपारी ४:२०)

थोडं अवांतर. माझी पणजी १९१८ च्या मानमोडीच्या (फ्लूच्या साथीच्या) गोष्टी सांगायची, एका दिवसात वाडीतून तीन तीन तिरड्या, खांद्याला माणूस नाही. तेव्हा पाश्चात्त्य देशांत ॲस्पिरिन हे नवलाचं औषध होतं, तापाला भरमसाट द्यायचे, दिवसाला ८ ते ३१ ग्रॅमपर्यंत. आजच्या हिशोबाने ते विषच. २००९ मध्ये एका अमेरिकन डॉक्टर बाईंनी लेख लिहून मांडलं की त्या साथीतले काही मृत्यू फ्लूपेक्षा ॲस्पिरिनने फुप्फुसात पाणी भरून झाले असावेत. सगळ्यांना पटलेलं नाही, पण वाचल्यावर मला आमच्या वाडीचा व्हाट्सप ग्रुप आठवला. आमच्या कोकणात मात्र तेव्हा ॲस्पिरिन कुठून असायला, काढा आणि गाऱ्हाणं एवढंच.

हापूस_डायरेक्ट (१२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५)

दुसरी आजी नाही हे वाक्य डोक्यात बसलं. पूर्ण पटलंय असं नाही म्हणणार. भीती किती होती ते विसरू नका एवढंच, बेड नाही, ऑक्सिजन नाही, रत्नागिरीला न्यायचं तर अँब्युलन्स नाही. हातात काहीतरी असावं असं वाटतंच माणसाला.

मेडिकलवाला_चिपळूण (१२ ऑगस्ट, रात्री ११:१५)

हापूस, हे अगदी खरं. माझ्या काउंटरवर लोक गोळी मागत नव्हते, "काहीतरी" मागत होते. मी तेव्हा ऑक्सिमीटर हातात देऊन सांगायला हवं होतं की दर चार तासांनी बघा आणि ९४ च्या खाली गेलं की पहिला फोन करा. काही जणांना सांगितलंही. पण सेट घेतलेली माणसं निर्धास्त व्हायची, औषध चालू आहे ना म्हणून वाट बघायची आणि ८२ वर घेऊन यायची. गोळीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला विचाराल तर हे.

उंबरठा, टाकायचं कसं ते सांगतो. पऱ्यात नको, विहिरीजवळ नको, चुलीत पण नको. गोळ्या स्ट्रिपमधून काढू नका, कात्रीने स्ट्रिपा आडव्या कापा म्हणजे कुणी उचलून परत विकणार नाही, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा, त्यांचा औषधी कचरा वेगळा जातो. नाही घेतलं तर चिपळूणवरून जाताना माझ्याकडे द्या, माझ्या एक्सपायरी मालाबरोबर पाठवतो. गुरांची बाटली गुरांच्या डॉक्टरांना विचारा.

गुरांचो_डॉक्टर (१३ ऑगस्ट, सकाळी ६:५०)

बाटली तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. पऱ्याला, खाडीला लागू देऊ नका, पाण्यातल्या बारीक जीवांना ते फार वाईट.

उंबरठा_राजापूर (१३ ऑगस्ट, रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार. काल रात्री पडवीत बसून काकांना अख्खा धागा वाचून दाखवला, लाईट दोनदा गेली. काकांनी मध्येच विचारलं, ती चिठ्ठी कुणाची होती रे? मी म्हटलं तुम्हालाच माहीत. त्यांना आठवेना. नाव वाचलं, वय ३४, वजन ८१ किलो. आमच्या घरात तेव्हा ३४ चं कुणी नव्हतं आणि ८१ किलोचं तर आजपर्यंत कुणी झालं नाही.

स्ट्रिपा काकांनीच कापल्या, भाजी चिरायच्या कात्रीने, म्हणून काकूचा ओरडा खाल्ला. बाटली उद्या नेतो. ती गुरांसाठीच आणली होती का, यावर ते अजून हसतायत.